सेकंदाला एकच अणू पुरे

प्रति,
आंतरराष्ट्रीय वजनमापे परिषदेत भारताच्या वतीने मत देणारे प्रतिनिधी आणि त्यांना सल्ला देणारे शास्त्रज्ञ यांस,

विषय : सेकंदाच्या नव्या व्याख्येबाबत भारताने घ्यावयाची भूमिका

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

मी तालुक्याच्या गावातील एका कनिष्ठ महाविद्यालयात तीस वर्षे भौतिकशास्त्र शिकवून निवृत्त झालो आहे. अकरावीच्या वर्गात दरवर्षी सुरुवातीलाच एकके आणि मापन हे प्रकरण येई, आणि दरवर्षी मी फळ्यावर ९,१९,२६,३१,७७० हा आकडा लिहून त्याखाली दोन रेघा मारत असे. सीझियम-१३३ च्या अणूच्या मूळ अवस्थेतील दोन अतिसूक्ष्म पातळ्यांमधल्या संक्रमणाशी निगडित असलेल्या प्रारणाची एवढी आवर्तने पूर्ण व्हायला जो काळ लागतो त्याला एक सेकंद म्हणतात, असे मी सांगत असे. वाक्य अवघड आहे (संक्रमण म्हणजे अणूने एका ऊर्जापातळीवरून दुसऱ्या पातळीवर जाणे), पण ते एकच वाक्य आहे आणि ते फळ्यावर मावते. ते वाक्य आता बदलायचे घाटत आहे. कसे बदलावे याविषयी तज्ज्ञांमध्ये दोन मते आहेत, आणि त्यांपैकी एक मत स्वीकारले गेले तर सेकंदाची व्याख्या फळ्यावर मावणार नाही, म्हणून हे पत्र.

आपणांस ठाऊकच आहे की नोव्हेंबर २०२२ मध्ये व्हर्साय येथे भरलेल्या २७व्या परिषदेने या संदर्भात ठराव केला. नव्या व्याख्येसाठी कोणता अणू निवडावा, की अणूंचा समूह निवडावा, याबद्दलचे प्रस्ताव २०२६ च्या २८व्या परिषदेपुढे आणावेत आणि २०३० च्या २९व्या परिषदेत नवी व्याख्या स्वीकारता यावी अशी पावले टाकावीत, असे त्या ठरावात म्हटले आहे. भारत १९५७ पासून वजनमापांविषयीच्या मीटर कराराचा सदस्य आहे आणि परिषदेत आपल्या देशाला इतर कोणत्याही देशाइतकेच एक मत आहे. ते मत 'अणूंचा समूह' या पर्यायाच्या विरोधात आणि 'एकच अणू, एकच संक्रमण' या पर्यायाच्या बाजूने पडावे, अशी माझी विनंती आहे. ती का, हे सांगण्यासाठी मला थोडे मागे जावे लागेल.

आमच्या घरी आजोबांच्या वेळचे तांब्याचे घटिकापात्र आहे. बुडाला बारीक भोक असलेली ती वाटी घंगाळातल्या पाण्यावर सोडली की हळूहळू भरते आणि एका घटकेत, म्हणजे २४ मिनिटांत, बुडते. लग्नाचा मुहूर्त गाठण्यासाठी पंचक्रोशीत ते नेले जात असे. साठ घटकांचा एक दिवस, साठ पळांची एक घटका, साठ विपळांचे एक पळ असे आमच्याकडचे कोष्टक होते आणि ते कोष्टक अगदी नेमके होते. अडचण वाटीची होती. निवृत्तीनंतर एकदा मी मोबाइल हातात धरून ती वाटी तपासली, तेव्हा पहिल्या खेपेला ती २३ मिनिटांच्या आतच बुडाली आणि चिंचेने घासून भोकातली काजळी काढल्यावर आणखी लवकर बुडू लागली. शेजारच्या गावातल्या वाटीची घटका आमच्या घटकेपेक्षा निराळी असणार हे उघडच आहे. ज्या वस्तूवरून माप ठरते ती वस्तू झिजते, मळते आणि प्रत्येक गावात वेगळी असते, हा मापनशास्त्राचा सर्वांत जुना त्रास आहे. किलोग्रॅमच्या बाबतीत तो २०१९ पर्यंत चालू होता, कारण पॅरिसजवळ सेव्र येथे ठेवलेला एक धातूचा ठोकळा हीच किलोग्रॅमची व्याख्या होती.

वेळेच्या बाबतीत या त्रासावर फार पूर्वीच एक उपाय सापडला होता. सर्वांना मिळून एकच पृथ्वी आहे, तेव्हा तिच्या एका दिवसाचा ८६,४०० वा भाग म्हणजे सेकंद असे मानले की झाले. विसाव्या शतकात पेंडुलमची आणि नंतर क्वार्ट्‌झची घड्याळे इतकी सुधारली की पृथ्वीच नीट चालत नाही असे ध्यानात येऊ लागले. भरतीओहोटीच्या घर्षणामुळे तिची गती शतकानुशतके मंदावत आहे. त्याखेरीज वाऱ्यांमुळे ती ऋतूंनुसार थोडी वेगाने किंवा थोडी सावकाश फिरते आणि तिच्या पोटातील हालचालींमुळे अधूनमधून लहर आल्यासारखी चाल बदलते. मग खगोलशास्त्रज्ञांनी सेकंदाला पृथ्वीच्या स्वतःभोवती फिरण्यापासून सोडवून सूर्याभोवतीच्या फेरीला बांधले. १९६० साली परिषदेने मान्य केलेल्या व्याख्येप्रमाणे सेकंद हा १९०० सालच्या आरंभीच्या सायन वर्षाचा, म्हणजे ऋतुचक्राच्या एका फेरीचा, ३,१५,५६,९२५.९७४७ वा भाग ठरला.

या मधल्या व्याख्येकडे मी आपले विशेष लक्ष वेधू इच्छितो, कारण माझ्या म्हणण्याचा अर्धा पुरावा तिच्यात आहे. ती शास्त्रीयदृष्ट्या चुकीची नव्हती, उलट पृथ्वीच्या फिरण्यापेक्षा पुष्कळच स्थिर होती. परंतु ती कोणालाही हाती घेता येत नव्हती. १९०० साल होऊन गेले होते आणि ते पुन्हा मोजता येणार नव्हते. प्रत्यक्षात सेकंद मिळवायचा तर ताऱ्यांच्या पार्श्वभूमीवर चंद्राची स्थिती वर्षानुवर्षे टिपायची, ती कोष्टकांशी ताडून पाहायची आणि मग मागे वळून सांगायचे की अमुक वर्षी आपली घड्याळे एवढी चुकत होती. व्याख्या एका कागदावर आणि मोजणी दुसऱ्याच गोष्टीची, अशी ती अवस्था होती. ती व्याख्या सात वर्षे टिकली.

तिला हटवणारे यंत्र ती मान्य होण्याच्या आधीच चालू झाले होते. अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञ इसिडोर रॅबी यांनी १९३० च्या दशकात अणुकिरणांवर चुंबकीय अनुनादाचे प्रयोग केले आणि अणूच्या आतल्या आवर्तनांच्या ठोक्यांवर घड्याळ चालवता येईल अशी कल्पना १९४५ मध्ये मांडली. नॉर्मन रॅमझी यांनी १९४९ मध्ये अणूंना एकाऐवजी दोन ठिकाणी, मध्ये मोकळे अंतर ठेवून, सूक्ष्मतरंगांचा (मायक्रोवेव्हचा) स्पर्श द्यावा अशी युक्ती काढली, त्यामुळे मोजणी एकदम टोकदार झाली. १९५५ च्या जूनमध्ये इंग्लंडमधील टेडिंग्टन येथे लुई एसेन आणि जॅक पॅरी यांनी सीझियमचे पहिले व्यवहार्य घड्याळ चालू केले. पुढील जवळजवळ तीन वर्षे अमेरिकेच्या नौदल वेधशाळेतील विल्यम मार्कोविट्झ चंद्राची छायाचित्रे घेत राहिले, टेडिंग्टनचे घड्याळ चालत राहिले, आणि दोन्ही बाजूंनी एकच रेडिओ संकेत ऐकून वेळा जुळवण्यात आल्या. त्या जुळवणीतून निघालेला आकडा होता ९,१९,२६,३१,७७०, आणि त्यात वीस आवर्तनांची चूक इकडे किंवा तिकडे असू शकते असे त्यांनी प्रामाणिकपणे नोंदवले. ही अनिश्चितता प्रामुख्याने चंद्राच्या वेधांमधून आलेली होती.

माझ्या वर्गात एका मुलीने विचारले होते, "सर, शेवटी सातशे सत्तरच का? सरळ आकडा का नाही घेतला?" त्या प्रश्नाचे उत्तर या चंद्रात आहे. अणूच्या दृष्टीने त्या आकड्याला काहीच अर्थ नाही. नवा सेकंद जुन्या सेकंदाइतकाच लांब असावा आणि कोणाचेही घड्याळ बदलावे लागू नये, एवढ्यासाठी तो आकडा निवडला गेला. गंमत अशी की तो जुना सेकंदही अठराव्या-एकोणिसाव्या शतकांतल्या वेधांवर बसवलेला होता, म्हणजे आजचा अणुसेकंद हा साधारण १८२० च्या सुमाराच्या दिवसाच्या लांबीला जुळतो. १९७२ पासून आपल्याला २७ वेळा घड्याळात एक जास्तीचा सेकंद घालावा लागला त्याचे मूळ इथे आहे. शेवटचा जास्तीचा सेकंद १ जानेवारी २०१७ च्या पहाटे भारतात साडेपाच वाजण्याच्या ऐन तोंडावर घातला गेला, तेव्हा मी मुद्दाम उठून बसलो होतो. घरच्यांना त्यात काय पाहायचे ते कळले नाही. २०३५ पर्यंत ही पद्धत सैल करण्याचेही २०२२ मध्ये ठरले आहे, पण तो वेगळा विषय आहे.

१९६७ मध्ये परिषदेने सीझियम स्वीकारले. सीझियमच का, याची कारणे पाहिली तर एक अणू निवडणे म्हणजे काय हे समजते. निसर्गात सीझियमचा एकच स्थिर समस्थानिक आहे, त्यामुळे कोणता सीझियम असा प्रश्न उरत नाही. त्याच्या बाहेरच्या कक्षेत एकटा इलेक्ट्रॉन असतो. त्या इलेक्ट्रॉनच्या चुंबकत्वाचा केंद्रकाच्या चुंबकत्वाशी जो मेळ असतो त्याच्या दोनच अवस्था मूळ पातळीवर संभवतात, आणि त्यांमधील ऊर्जेचा फरक सूक्ष्मतरंगांच्या पट्ट्यात, म्हणजे त्या काळच्या रडारच्या उपकरणांनी हाताळता येईल अशा जागी पडतो. अणू जड असल्याने त्याच तापमानाला तो हलक्या अणूंपेक्षा सावकाश चालतो आणि निरीक्षणाला जास्त वेळ देतो. शिवाय तो साडेअठ्ठावीस अंशांना वितळतो. विदर्भातल्या चैत्रात तो कुपीतच पातळ होऊन बसेल. त्याची वाफ करायला मोठी भट्टी लागत नाही. इथे एक गैरसमज दूर करतो, कारण तो मला शिक्षकांच्या सभेतही ऐकायला मिळालेला आहे: अणुघड्याळाचा किरणोत्साराशी काहीही संबंध नाही. अणुभट्टीच्या अपघातांच्या बातम्यांत येणारा सीझियम-१३७ वेगळा. घड्याळातला सीझियम-१३३ अगदी शांत आणि स्थिर असतो.

आज या अणूची सर्वोत्तम घड्याळे 'कारंजे' या पद्धतीने चालतात. लेझरने अणूंचा लहानसा ढग जवळजवळ थिजवायचा, त्याला साधारण मीटरभर वर उडवायचे आणि वर जाताना एकदा व खाली येताना एकदा अशी त्याच सूक्ष्मतरंगांच्या पोकळीतून भेट घडवायची. हे अणू मोकळ्या अवस्थेत अर्ध्या-पाऊण सेकंदापर्यंत राहतात, एसेन यांच्या घड्याळात हा काळ काही सहस्रांश सेकंद एवढाच होता. दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेनेही असे कारंजे उभारले आहे. चांगल्या कारंज्याची चूक दहाच्या सोळाव्या घातात एक-दोन भाग इतकी असते. आपल्या जुन्या अंकलिपीतली संख्यांची यादी म्हटली तर, मध्य या संख्येत एक-दोन. आणि त्यापुढे ते फारसे सरकत नाही.

सरकत नाही, कारण पट्टीवरच्या खुणाच तेवढ्या आहेत. सेकंदाचे नऊशे कोटी भाग करणाऱ्या पट्टीने जेवढे बारीक मोजता येते तेवढे आता मोजून झाले. स्ट्रॉन्शियमच्या अणूत तांबड्या प्रकाशाचे एक संक्रमण आहे, त्याची सेकंदाला ४२९ लाख कोटींहून अधिक आवर्तने होतात. म्हणजे पट्टीवरच्या खुणा एकदम सत्तेचाळीस हजार पट दाट झाल्या. टोकियोच्या हिदेतोशी कातोरी यांनी २००१ मध्ये सुचवल्याप्रमाणे असे हजारो अणू लेझरच्या जाळीत, अंड्यांच्या ट्रेमध्ये अंडी ठेवावीत तसे, एकेका खळग्यात बसवता येतात. इतकी वेगवान आवर्तने मोजणारे इलेक्ट्रॉनिक यंत्र नसते, ती अडचण लेझरच्या वारंवारता-कंगव्याने सोडवली, आणि त्या कामासाठी जॉन हॉल व थिओडोर हेन्श यांना २००५ च्या नोबेल पारितोषिकाचा वाटा मिळाला. अमेरिकेतील बोल्डर येथील एका स्ट्रॉन्शियम घड्याळाची चूक २०२४ मध्ये दहाच्या अठराव्या घातात एका भागाच्याही खाली गेली. अंकलिपीतली यादी दहाच्या सतराव्या घाताला, म्हणजे परार्धाला, संपते. ही घड्याळे यादीच्या बाहेर गेली आहेत.

तेव्हा व्याख्या बदलायला हवी, याबद्दल माझे दुमत नाही. ज्या वस्तूने माप ठरते तिच्यापेक्षा तिची नक्कल शंभर पट नेमकी झाली, तर मापाची गादी नकलेला द्यावी लागते. आणि हा नुसता घड्याळांचा प्रश्न नाही. मीटर हा प्रकाशाच्या वेगातून, किलोग्रॅम हा प्लांकच्या स्थिरांकातून आणि अँपिअर, केल्विन व कँडेला हेही आपापल्या वाटेने सेकंदावर येऊन टेकतात. सात मूळ एककांत सेकंदाशिवाय उभा राहणारा एकटा मोल आहे.

मतभेद पुढच्या पायरीवर आहे. पहिला पर्याय असा की सीझियमच्या जागी दुसरा एक अणू घ्यावा, त्याच्या एका संक्रमणाची वारंवारता, म्हणजे सेकंदाला होणारी आवर्तने, कायमची निश्चित करावी आणि बाकीच्या सगळ्या अणूंना, सीझियमसुद्धा, दुय्यम साधने म्हणून ठेवावे. दुसरा पर्याय असा की स्ट्रॉन्शियम, यटर्बियम, ॲल्युमिनियमचा आयन अशा अनेकांच्या वारंवारता घ्याव्यात, प्रत्येकीला तिच्या घड्याळांच्या अचूकतेप्रमाणे भार द्यावा, त्यांचा भारित भूमितीमध्य, म्हणजे एक प्रकारची सरासरी, काढावा आणि तो मध्य म्हणजे अमुक आकडा, अशी व्याख्या करावी. नवी घड्याळे सुधारतील तसे हे भार बदलता येतील. इलेक्ट्रॉनचे वस्तुमान निश्चित करून त्यातून सेकंद काढण्याचा तिसराही पर्याय आहे. तो तत्त्व म्हणून देखणा आहे, पण त्याची अचूकता आजच्या सीझियमपेक्षाही कितीतरी पटींनी कमी पडते, म्हणून त्याचा विचार इथे करत नाही.

दुसऱ्या पर्यायामागची बुद्धी मी नाकारत नाही. स्ट्रॉन्शियम आणि यटर्बियम यांच्यात आज जिंकले कोण हे सांगता येत नाही, आणि ज्या अणूचे नाव पाच वर्षांपूर्वी कोणी घेत नव्हते तो उद्या पुढे येऊ शकतो. अशा वेळी सर्वांना सामावून घेणारी व्याख्या न्याय्य वाटते. तरीही तिच्यात तीन दोष आहेत असे मला वाटते.

पहिला असा की ती वारंवारता कोणत्याही अणूची नाही. मध्य काढलेल्या त्या आकड्याने ठोका देणारी वस्तू विश्वात कुठेही नाही. ज्या प्रयोगशाळेत फक्त यटर्बियमचे घड्याळ आहे तिला सेकंद मिळवायचा तर यटर्बियमचे बाकीच्या सर्व अणूंशी असलेले गुणोत्तर दुसऱ्यांनी मोजून दिलेले वापरावे लागेल, आणि त्या गुणोत्तरांची चूक तिच्या माथी येईल. १९६० च्या व्याख्येत सेकंद मिळवायला गेलेल्या वर्षाची कोष्टके लागत होती, इथे दुसऱ्यांच्या मोजमापांची कोष्टके लागतील. तीन पंचांगांतल्या मुहूर्तांची सरासरी काढून लग्न लावण्यासारखा हा प्रकार आहे. निघालेला क्षण एकाही पंचांगाचा नसतो.

दुसरा दोष भारांचा आहे. भार कोणी ठरवायचे? समितीने. कशावरून? त्या त्या वर्षीच्या अचूकतेच्या दाव्यांवरून. हे दावे चांगल्या हेतूने केलेले असले तरी ते दावे असतात, आणि मापनशास्त्राच्या इतिहासात दोन प्रयोगशाळांच्या दाव्यांत न बसणारा फरक निघाल्याची उदाहरणे कमी नाहीत. भार बदलले की व्याख्या बदलते, भले तो फरक कितीही लहान ठेवला तरी. दर काही वर्षांनी समितीच्या बैठकीत किंचित सरकणारे एकक हे 'सर्व काळांसाठी, सर्व लोकांसाठी' या ब्रीदाशी कसे जुळते, हे मला समजलेले नाही. ज्या फ्रेंच राज्यक्रांतीतून मीटर जन्माला आला तिच्या काळापासून ते ब्रीद सांगितले जाते.

तिसरा दोष मी शिक्षक असल्यामुळे मला सर्वांत मोठा वाटतो. व्याख्या आणि अंमलबजावणी या दोन गोष्टी आपण विद्यार्थ्यांना मोठ्या कष्टाने वेगळ्या करून शिकवतो. सरासरी ही अंमलबजावणीची गोष्ट आहे, आणि तिथे ती उत्तम चालते. जगातील ऐंशीच्या आसपास प्रयोगशाळांतली चारशेहून अधिक घड्याळे भारित सरासरीने जोडूनच आंतरराष्ट्रीय अणुवेळ तयार होते, आणि दिल्लीची घड्याळेही त्यात आपला वाटा देतात. पण तिथे सरासरी काढायची कशाची हे व्याख्येने आधीच सांगितलेले असते. सरासरीच व्याख्येत आणून बसवली तर आपण कशाजवळ पोहोचायचा प्रयत्न करतो आहोत, हे सांगणारे कोणी उरत नाही.

माझ्या विरोधात जाणारे एक चांगले उदाहरण आहे आणि ते लपवणे बरोबर होणार नाही. १९६० मध्ये मीटरची व्याख्या क्रिप्टॉन-८६ या एकाच अणूच्या नारिंगी प्रकाशावर, त्याच्या १६,५०,७६३.७३ तरंगलांब्या अशी, बसवली गेली. त्याच वर्षी पहिला लेझर पेटला आणि क्रिप्टॉन पाहता पाहता मागे पडला. १९८३ मध्ये ती व्याख्या काढावी लागली. एका अणूशी लग्न लावले की असे होते, असे समूहवादी म्हणतात. माझे उत्तर असे की तेवीस वर्षांनी एक स्पष्ट व्याख्या काढून दुसरी स्पष्ट व्याख्या आणण्यात कोणाचेही नुकसान झाले नाही. पाठ्यपुस्तकात एक वाक्य खोडून दुसरे लिहिले गेले. सीझियमने सहा दशके काढली, नवा अणू पंधरा वर्षांत मागे पडला तर तो पंधरा वर्षांनी बदलावा, उघडपणे, ठराव करून.

कोणता अणू निवडावा याबाबत मी आग्रह धरणार नाही, तो तज्ज्ञांचा अधिकार आहे. स्ट्रॉन्शियमची घड्याळे अनेक देशांत चालतात आणि त्यांपैकी काही आंतरराष्ट्रीय अणुवेळेला दुरुस्ती पुरवतातही, हे त्याच्या बाजूचे आहे. एवढेच सुचवतो की आपल्या देशातील कामावरून मत ठरवू नये. पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन केंद्रात यटर्बियमच्या एका आयनावर आधारलेल्या ऑप्टिकल घड्याळाचे काम चालू आहे आणि एक मराठी माणूस म्हणून मला त्याचा अभिमान आहे, परंतु त्यासाठी भारताने यटर्बियमचा हट्ट धरावा असे मला वाटत नाही. प्रत्येक देश आपापल्या अणूसाठी भांडू लागला तर कोणालाच न दुखावणारा तडजोडीचा मार्ग म्हणून समूहाचा पर्याय मंजूर होईल, आणि मला भीती आहे ती नेमकी याची. निवडलेल्या अणूचे घड्याळ बांधण्याची क्षमता मात्र देशात हवी. आपल्या दिशादर्शक उपग्रहांपैकी पहिल्यावरची आयात केलेली तिन्ही रुबिडियम घड्याळे बंद पडल्यावर तो उपग्रह स्थाननिश्चितीसाठी निकामी झाला होता. २०२३ च्या मे महिन्यात सोडलेल्या उपग्रहावर आपले स्वतःचे रुबिडियम घड्याळ गेले. मधली वर्षे काय शिकवून गेली ते आपण माझ्यापेक्षा अधिक जाणता.

घाई करू नये, हेही मला सांगायचे आहे. सापेक्षतेच्या सिद्धांताप्रमाणे घड्याळ जितके उंच तितके ते वेगाने चालते. समुद्रसपाटीवरच्या घड्याळाच्या तुलनेत कळसूबाईच्या माथ्यावरचे घड्याळ वर्षाकाठी पाच-सहा मायक्रोसेकंद पुढे जाईल. वर उल्लेख केलेले बोल्डर शहर जवळजवळ कळसूबाईच्या शिखराइतक्याच उंचीवर आहे, त्यामुळे तिथल्या घड्याळांना ही दुरुस्ती नेहमीच करावी लागते. दहाच्या अठराव्या घातापर्यंत पोहोचल्यावर एका सेंटिमीटरच्या उंचीचा फरकही घड्याळात दिसतो, आणि २०२२ मध्ये बोल्डर येथेच एका मिलिमीटरच्या अणुढगाच्या वरच्या व खालच्या टोकांमधला फरक मोजला गेला. म्हणजे दिल्लीचा सेकंद आणि पॅरिसचा सेकंद यांची या पातळीवर तुलना करायची तर दोन्ही घड्याळे गुरुत्वाच्या मापाने कोणत्या उंचीवर आहेत हे सेंटिमीटरपर्यंत माहीत हवे, आणि समुद्रापलीकडच्या दोन ठिकाणांबाबत ते अजून सहजसाध्य नाही. पॅरिस आणि जर्मनीतील ब्राउनश्वाइग यांची घड्याळे सुमारे १,४०० किलोमीटर लांबीच्या प्रकाशतंतूने जोडून ताडून पाहिली गेली. खंडाखंडांमध्ये तशी तार नाही आणि उपग्रहांमार्फत होणारी नेहमीची तुलना इतकी बारीक नाही. २०३० ही तारीख त्यासाठी ओढून धरू नये. अशा तुलनांची कसोटी तोवर पुरी झाली नाही, तर सीझियमने आणखी चार वर्षे काम केल्याने कोणाची गाडी चुकणार नाही.

शेवटची विनंती भाषेची आहे. १ जानेवारी १९०६ पासून देशात भारतीय प्रमाणवेळ सुरू झाली, तरी मुंबईने तिच्यापेक्षा ३९ मिनिटे मागे असलेली आपली वेळ कित्येक दशके सोडली नाही. त्या विरोधात राजकारण होते, तसेच आपली दुपार आपल्याला न विचारता हलवली याचा रागही होता. सेकंदाच्या बदलाने कोणाची दुपार हलणार नाही, नवा सेकंद जुन्याइतकाच लांब असेल. पण तो का बदलला हे विचारणारी मुले प्रत्येक वर्गात असतील, आणि त्यांच्या शिक्षकांना उत्तर इंग्रजी ठरावाच्या भाषांतरातून खणून काढावे लागू नये. परिषदेत मत देण्यापूर्वी भारताची भूमिका काय आहे आणि का आहे, हे आपण एका पानात, मराठीसह देशातल्या भाषांत प्रसिद्ध करावे. त्या पानात 'अतिसूक्ष्म पातळी', 'संक्रमण', 'वारंवारता' यांसारख्या शब्दांचे एकच ठरलेले रूप वापरावे, कारण आज तीन पुस्तकांत तीन शब्द सापडतात. असे पान निघाले तर मसुदा तपासून द्यायला मी आणि माझ्यासारखे काही निवृत्त शिक्षक विनामूल्य तयार आहोत.

कळावे.

आपला विनम्र,
एक निवृत्त भौतिकशास्त्र शिक्षक